फ्रीझरमधले एकशे चार डबे

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, गोठवलेल्या भाज्यांच्या कारखान्यातून एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त, हे शुद्धीवर असताना, कोणी सांगितले म्हणून नव्हे तर स्वतःच्या मनाने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. पोटातल्या गाठीबद्दल ते जे बोलले ते दाखल्यात नाही. मला उन्हाळा दिसेल असे त्यांना वाटत नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. आधी मी जाईन, असे आमच्या घरात कोणी धरलेच नव्हते.

१. दोन खोल्यांचे घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या मुलीला मिळावी. अट एकच: तिचे वडील हयात आहेत तोवर घर विकू नये आणि त्यांना तिथून हलवू नये. वकीलबाई म्हणाल्या, "अट लिहिता येते. पाळली जाते का, ते बघायला तुम्ही नसाल." मुलगी दोन दिवसांच्या प्रवासावर राहते. नोकरी, पदरात दोन लहान मुले. फोनवर म्हणते, "आई, बाबांना एखाद्या संस्थेत ठेवू या ना गं." मी तिला दोष देत नाही. अट मात्र खोडत नाही.

२. स्वयंपाकघरातला मोठा फ्रीझर यजमान असेपर्यंत जागचा हलवू नये. मी कामाला लागले तेव्हा मटार ट्रेमध्ये विटेसारखा गोठायचा आणि आम्ही बायका तो लाकडी हातोड्याने फोडायचो. मग नवे यंत्र आले. जाळीच्या पट्ट्याखालून असा गार वारा सुटायचा की दाणे उडता उडताच गोठायचे. ते यंत्र सांभाळणारा मेकॅनिक पहिल्याच दिवशी माझ्यापुढे येऊन म्हणाला, "हात करा पुढे." माझ्या हातमोज्यावर मूठभर दाणे ओतले. "बघा, एकाला एक चिकटत नाही." पुढच्या वर्षी आम्ही लग्न केले. हा फ्रीझर कारखान्याने भंगारात काढलेला. पाच रविवार खपून त्यांनी तो चालू केला.

३. माझ्या नणंदेला काहीही देऊ नये. शिवणयंत्रावर तिचा डोळा आहे. ते शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिकांना द्यावे. दुसरी पाळी संपवून मी घरी यायचे तेव्हा अंगात उभे राहायचे त्राण नसायचे. उकळत्या पाण्यात कारखान्यातल्या गोठवलेल्या भाजीचे पाकीट रिकामे केले की दहा मिनिटांत पाने वाढलेली, आणि मी लेकीच्या अभ्यासाला मोकळी. गल्लीतल्या बायकांनी आधी नाके मुरडली, मग हळूच विचारू लागल्या, "एक पाकीट आणाल का?" नणंद मात्र भावाचा विसराळूपणा हा आजार आहे असे कळल्यावर दवाखान्याच्या जिन्यात सगळ्यांदेखत म्हणाली, "तुझ्या त्या बर्फातल्या शिळ्यानंच त्याचं डोकं गेलं." डॉक्टरांनी तिला समजावले, तसे काही नसते म्हणून. तरी ते वाक्य मला अजून पुसता आलेले नाही.

४. फ्रीझरमध्ये आज एकशे चार डबे आहेत. बसता-उठता, महिनाभर शिजवून मी ते भरले. दिवसाला दोन धरले तर बावन्न दिवस. मागच्या महिन्यात मला दोन दिवस दवाखान्यात ठेवले, तेव्हा प्रत्येक डब्यावर मोठ्या अक्षरांत 'गरम करा' असे लिहून गेले होते. परत आले तर यजमानांनी सहा डबे टेबलावर ओळीने मांडलेले, हातात चमचा. सगळे वितळून आंबले होते. एकाचेही झाकण उघडलेले नव्हते.

"जेवला नाहीत?"

"त्या बाई यायच्यात ना अजून," ते म्हणाले.

मुख्याध्यापिकांनी सकाळचा डबा गरम करून द्यायचे कबूल केले आहे. त्यांचेही गुडघे गेलेत, संध्याकाळचे त्यांना जमणार नाही. संध्याकाळचे कोण करील, हे मला लिहिता येत नाही.

५. यजमानांबद्दल वेगळे कलम घालायचे होते. "माणूस कुणाच्या नावावर करता येत नाही," वकीलबाई म्हणाल्या. म्हणून आज दुपारी जे झाले तेवढेच लिहिते. मी हे लिहीत असताना ते समोर येऊन बसले. मला ओळखत नाहीत, पण अदबीने वागतात.

"तुमच्या घरी कोण असतं?" त्यांनी विचारले.

"यजमान असतात."

"त्यांच्या जेवणाचं कोण बघतं?"

"मीच."

"मग बरं आहे," ते म्हणाले. "आणि तुम्ही नसलात की?"

ते वाट बघत बसून राहिले.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, साक्षीदारांसमोर वाचून दाखवला आणि त्यांच्यादेखत सही केली.

सही: (लिहून ठेवणारी)

साक्षीदार १: शेजारीण, निवृत्त मुख्याध्यापिका (सही)
साक्षीदार २: वरच्या मजल्यावरचे बसचालक (सही)

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघर
तारीख: बारा फेब्रुवारी