सहाची प्रार्थना, सातवा गडी

दि. ९ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. सेहेचाळिसाव्या वर्षी तू तिकडे परदेशात चर्चच्या टीममधून फुटबॉल खेळतोस हे वाचून मी शिलाई मशीन थांबवलं आणि तेवढ्या ओळी परत वाचल्या. शाळेत तुला संघात घ्यायचे ते चेंडू गटारात गेला की काढायला. आता गुडघे सांभाळ म्हणजे झालं. चड्डी मी शिवून पाठवते. कंबर किती भरते ते न लाजता लिही, मागच्या मापावर शिवली तर भर मैदानात घराण्याची अब्रू जायची.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी नुसतं हो हो म्हणत होते. डावा कान गेलाच होता, उजवाही त्याच वाटेने निघालाय. आपलं पत्रच बरं.

इकडे सगळं ठीक. शाळेच्या गणवेशांचं काम उरकत आलं. बुधवारची सहाची प्रार्थना चालू आहे. घड्याळवाल्या काकांचे पाय सुजतात म्हणून ते येत नाहीत, तेव्हा मी, नर्सबाई आणि कंपाउंडर असे तिघंच. आम्ही संध्याकाळी दिवे लावून बसतो तेव्हा तुझी दुपारची जेवायची सुट्टी असते, त्यामुळे तुझं नाव घेताना तू डबा उघडत असशील असं मनात येतं. डबा नेतोस ना? तुझी बायको गेल्याला दोन वर्षं होतील, तेव्हापासून तुझ्या पत्रात जेवणाचं अक्षर नसतं.

उत्तर लवकर धाड. माया आहेच, ती मागावी लागत नाही.
तुझी ताई


दि. २ ऑक्टोबर

ती. ताईस,
सप्रेम सलाम.

कंबर चाळीस. पोटभर हसून घे.

टीममध्ये कसा शिरलो ते सांगतो. रविवारी मी चर्चला जातो, मागच्या बाकावर बसतो. लोक चांगले आहेत. दारात हात मिळवतात, कसं काय विचारतात आणि उत्तर संपायच्या आत कोट चढवून निघतात. त्यांची चूक नाही, त्यांची घरी वाट बघणारी माणसं आहेत. मध्ये मी दोन रविवार तापाने पडून होतो. तिसऱ्या रविवारी गेलो तर कोणी काही विचारलं नाही, कारण मी नव्हतो हेच कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्या दिवशी फार एकटं वाटलं, ताई.

शनिवारच्या खेळाचं तसं नाही. सात गडी असल्याशिवाय सामना सुरूच करत नाहीत, रेफरी सरळ आम्ही हरलो असं लिहून घरी जातो. टीममधले बरेच जण नावापुरतेच. मला घेतलं तेही सोडून गेलेल्या गड्याच्या बुटांचं माप जुळलं म्हणून. गेल्या महिन्यात एकदा मी अंथरुणातच लोळत होतो, तर आमचा कप्तान, तो बेकरीवाला आहे, जिने चढून दारावर थापा मारायला लागला. म्हणाला की सहाच जण आलेत, तुझ्यामुळे सगळं अडलंय. बूट हातात घेऊन तसाच गाडीत बसलो. सहा गोलांनी हरलो, त्यातले दोन माझ्या पायांमधून गेले. पण माझ्यावाचून कोणाचं तरी अडलं. लिफ्ट दुरुस्त करायला जातो तिथे लोकांचं लिफ्टवाचून अडलेलं असतं, माझ्यावाचून नाही.

एक गोष्ट रागावणार नसलीस तर लिहितो. सामन्याआधी आम्ही गोल करून, एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून प्रार्थना करतो. मी डोळे मिटतो आणि शेवटी आमेन म्हणतो. मधलं मला काही येत नाही. हॉस्पिटलात तिच्या उशाशी बसून देवाशी इतकं बोललो की आता शब्दच उरले नाहीत. रुसलोय असंही नाही. नुसतं गप्प वाटतं.

डबा खातो. काळजी करू नकोस, म्हणजे थोडी कर.
तुझा धाकटा


दि. २८ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

चड्डी वेगळी पाठवली आहे, इलॅस्टिक दुहेरी घातलंय.

रागावेन कशाला? लहानपणी तू ताटावर बसल्या बसल्या झोपायचास, तुझी प्रार्थना मीच पुरी करायचे. आताही करते.

मला तुझ्या सात गड्यांचा हेवा वाटला. नर्सबाई मुलीकडे कायमच्या गेल्या. कंपाउंडरला संध्याकाळची पाळी लागली. घड्याळवाले काका गेल्या आठवड्यात प्रभूकडे गेले. चार बुधवार मी एकटीच बसतेय. परवा पाळकसाहेब म्हणाले की बाई, एकटीसाठी एवढं चर्च उघडायचं, दिवे लावायचे, त्यापेक्षा नव्या वर्षापासून तुम्ही घरीच करत जा. बोलले गोडीनेच. प्रभूने दोघे-तिघे माझ्या नावाने जमतील तिथे येईन म्हटलंय आणि माझ्याकडे दुसराही नाही, मग मी कोणत्या तोंडाने भांडू? तुमच्या खेळाला सात लागतात, तो बिचारा दोघांवर भागवतो, तरी माझी पंचाईत.

घरी प्रार्थना होत नाही असं नाही. पण घरात मी दिवसभर एकटीच असते. बुधवारी निदान कोणी येईल म्हणून दाराकडे बघता यायचं. तेवढंही गेलं तर आठवड्याला काही आकारच राहणार नाही.

असो. स्वतःला जप, मला तेच पुष्कळ.
तुझी ताई


दि. १९ नोव्हेंबर

ती. ताईस,
सप्रेम सलाम.

चड्डी बसली. बेकरीवाल्याने इलॅस्टिक ओढून पाहिलं आणि तुझं कौतुक केलं.

पाळकसाहेबांना सांग, दुसरा गडी मिळाला, जरा लांब राहतो एवढंच. मी इथून बसेन. साधारण पाच तासांचा फरक, म्हणजे तुमचे संध्याकाळचे सहा ते आमचे रात्रीचे अकरा. गेल्या बुधवारी बसून पाहिलं. स्वयंपाकघरातलं टेबल, समोर तिची खुर्ची. शब्द काही आले नाहीत. पण आमच्याकडे राखीव गडी बाहेर बाकावर बसतो, त्याचा पाय चेंडूला लागत नाही, तरी टीमच्या फोटोत तो असतोच. मला तसा धर. तू बोल, मी बसतो. दर बुधवारी, न चुकता.

तुझं माझ्यामुळे अडणार नाही.
तुझा धाकटा


दि. १० डिसेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पाळकसाहेबांना तुझं सांगितलं. आधी ते हसले, मग त्यांनीच दुसरी खुर्ची आणून माझ्या शेजारी ठेवली. नव्या वर्षातही दार उघडं राहील म्हणाले. पहिल्या बुधवारी मी त्या खुर्चीवर माझी पिशवी ठेवली होती. दुसऱ्या बुधवारी उचलून खाली ठेवली.

तू खरंच बसतोस हे मला कळतं. कसं ते विचारू नकोस.
तुझी ताई


दि. ७ जानेवारी

ती. ताईस,
सप्रेम सलाम.

एक गंमत. बेकरीवाल्याने बुधवारी रात्री टीमला घरी बोलवायला सुरुवात केलीय. भट्टी पेटवायच्या आधी त्याला दोन तास मोकळे असतात, तेव्हा गप्पा, सूप, पत्ते. मलाही दोनदा सगळे न्यायला आले. मी ऐटीत सांगितलं की अकराला मला घरी असावं लागतं, माझ्या बहिणीचं अडतं. आता बहुधा विचारणार नाहीत. जिन्यावरून त्यांचे आवाज खाली जाईपर्यंत दारातच उभा राहिलो, पण शब्द दिलाय तो दिलाय.

तू खुर्ची मांडत राहा.
तुझा धाकटा


दि. ३० जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

गणितात तू शाळेतही दिवेच लावलेस. अरे, तुमचं घड्याळ आमच्या मागे आहे. पाच तास मिळवायचे नव्हते, वजा करायचे होते. माझे सहा वाजतात तेव्हा तुझा दुपारचा एक वाजलेला असतो. तू अकराला बसतोस तेव्हा इकडे पहाटेचे चार झालेले असतात.

तुझं नोव्हेंबरचं पत्र वाचलं त्याच दिवशी मला कळलं होतं. मुद्दामच बोलले नाही. चारला मला रोज जाग येते आणि मग झोप येत नाही ती येतच नाही. कान असे, त्यामुळे कोंबडा नाही, गाडी नाही, नुसता अंधार. तेव्हा वाटतं की आपण आहोत की नाही हे कोणाला कळायचं कारणच उरलेलं नाही. गेले दोन महिने एवढी एक पहाट मात्र अशी असायची की धाकटा आत्ता टेबलाशी बसलाय. सहाच्या खुर्चीपेक्षा मला ती जास्त लागत होती. म्हणून गप्प राहिले.

पण माझ्यासाठी तू माणसांना नाही म्हणालास हे मला सहन होणार नाही. बुधवारी दुपारी डबा खाता खाता बस, तेवढ्याने सहाचं भागेल. रात्री बेकरीवाल्याकडे जा. त्याने विचारलं नाही तर तू विचार. चारला जाग आली की तू सूप पिताना दिसशील, तेही मला चालेल.

आपल्या ताईचं ऐक, नेहमी ऐकत नाहीस तरी.
तुझी ताई


दि. २२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सप्रेम सलाम.

पत्र वाचून कानशिलं गरम झाली. दुपारचं सुरू केलं. लिफ्टच्या यंत्राच्या खोलीत, डबा मांडीवर.

बुधवारी गेलो बेकरीवाल्याकडे. स्वतःच विचारलं. त्याने पुढे काही न विचारता खुर्ची सरकवली. पावणेअकराला मी सारखा घड्याळाकडे बघतोय म्हणून त्याने कारण विचारलं, आणि मी तुझी पहाट, तुझे कान आणि माझं गणित, सगळं सांगून टाकलं. कोणी हसलं नाही. अकराला त्याने पत्ते खाली ठेवले आणि सगळ्यांना उठवलं. टेबल भिंतीला लावून, मैदानावर करतो तसा गोल केला, खांद्यांवर हात टाकून. मोजले तर आम्ही सात होतो.

 बाकीचे माझ्यासाठी थांबले होते. ताई, मधलं या वेळी मी बोललो. फार नाही. माझ्या बहिणीला झोप लागू दे, एवढंच.

आता दर बुधवारी सातही जण उभे राहणार. तू मात्र झोप.
तुझा धाकटा