शाळेआधीच्या रविवारची रंगीत तालीम

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझ्याशी भांडायचं कसं, तेच विसरायला झालंय. पण आज भांडायचंच आहे. ऑफिसात बसलेय, समोर कसलं तरी प्रेझेंटेशन उघडं आहे, आणि दर थोड्या वेळानं फोन उचलून बघतेय, शाळेतून काही मेसेज आलाय का. तुझी नात आज पहिलीत गेली. मोठी शाळा, पहिल्यांदाच बस. गेली म्हणजे कशी गेली, ते सांगते, पण मला क्रमानं सांगू दे, नाहीतर माझं डोकं फिरेल.

तयारीत मी काही कमी ठेवलं नाही. तुझीच मुलगी ना! डोळे तपासून झाले, दात दाखवले, जंताचं औषध दिलं, राहिलेली लस टोचून आणली, लवकर झोपायची सवय लावली, नवे बूट आठवडाभर घरातच घालायला लावले म्हणजे चावायला नकोत. तिचे बाबा वैतागून म्हणाले, "अगं यार, पहिलीत चाललीये, बॉर्डरवर नाही." मी ऐकतेय थोडीच! आणि काल रविवारी मी तिची रंगीत तालीम घेतली. अगदी तू घ्यायचीस तशी.

दिल्लीतलं, सरोजिनी नगरचं आपलं सरकारी क्वार्टर. तू ओट्याशी पोळ्या लाटतेयस आणि मी पूर्ण युनिफॉर्म घालून, पायात बूट, पाठीवर दप्तर, फरशीवर बसून डबा खातेय. डब्याचं झाकण माझं मलाच उघडायचंय. "मॅडम उघडून देणार नाहीत. चल, जोर लाव." मग तुझे प्रश्न सुरू होतात. मार्केटमध्ये माझा हात सुटला तर? आहे तिथेच उभी राहीन. कुणी म्हणालं, 'चलो बेटा, मम्मी ने बुलाया है', तर? हलणार नाही, जोरात ओरडेन. आणि मी घरी आलेच नाही तर? शेजारच्या पंजाबी आंटींकडून किल्ली घेईन, दूध पिईन, बाबांच्या ऑफिसात फोन लावेन. या शेवटच्या प्रश्नाला एकदा माझे ओठ थरथरायला लागले, तर तू लाटणं खाली ठेवून म्हणालीस, "रडायचं नंतर. आधी काय करायचं ते सांग."

मग मी आठवीत असताना एका संध्याकाळी तू खरंच आली नाहीस. ऑफिसातच, टेबलाशी बसल्या-बसल्या गेलीस. मला कुठे काय माहीत होतं! आंटींकडून किल्ली घेतली, दूध प्यायले, बाबांच्या ऑफिसात फोन लावला. पलीकडचा माणूस नुसता "बेटा... बेटा..." करत राहिला. घर माणसांनी भरलं तेव्हा मी सगळ्यांना पाणी देत होते. काय समजूतदार पोर आहे, म्हणाले सगळे. तुझी तालीम चोख झाली होती, आई. काही म्हणजे काही चुकलं नाही माझं. आणि त्याचाच मला राग आहे. रडायचं नंतर म्हणालीस, पण ते नंतर म्हणजे कधी, हे कोण सांगणार होतं?

एवढं कळत असून काल मी तेच केलं. पोरीनं पटापट उत्तरं दिली. फोन नंबर पाठ, पत्ता पाठ, झाकणसुद्धा दाताखाली जीभ धरून उघडलं. मी खूश. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आणि मी बसपाशी आलेच नाही तर?" अर्धी खाल्लेली पोळी डब्यात ठेवून ती म्हणाली, "मम्मा, तू उद्या येणार नाहीयेस?"

"अगं नाही गं, मी नुसतं विचारतेय."

"तुला माहितीये म्हणूनच विचारतेयस ना?"

झालं! रात्री जेवली नाही. सकाळी पोट दुखतंय म्हणाली, प्यायलेलं दूध सगळं ओकली. बूट घालताना माझ्या केसांना धरून विचारलं, "पक्का येशील?" एक शब्द, आई. बाकीच्या आया दिवसातून दहादा म्हणत असतील. माझी जीभच रेटेना.

सोसायटीच्या गेटवर बस आली आणि तिनं माझ्या पायाला मिठी मारून जो गळा काढला! अख्खं मयूर विहार ऐकत असावं. बसमधली दीदी म्हणाली, "मॅडम, आप जाइए, हम चुप करा लेंगे." ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, खिडकीतली मुलं बघतायत, आणि तुझं ते वाक्य माझ्या ओठावर आलेलं. मी ते गिळलं. खाली बसले आणि म्हणाले, "रड. बिल्कुल रड. मी येणार आहे. मला उशीर झाला तर बाबा येतील, बाबा अडकले तर खालच्या मजल्यावरची काकू येईल. कुणी ना कुणी असणारच. तू एकटी उभी राहणार नाहीस."

"आणि शाळेत रडू आलं तर?"

"तर आधी रडायचं. मग मॅडमना सांगायचं काय झालं ते."

तिनं माझ्या ओढणीला नाक पुसलं आणि रडत रडतच चढली. चढली पण, आई. स्वतःच्या पायांनी.

शाळेतून अजून काही आलेलं नाही. हे मी ऑफिसच्या मेलमध्ये लिहितेय, वर पत्त्याची जागा रिकामी आहे, तशीच राहणार. हाफ डे टाकलाय, आता उठते, बसच्या आधी गेटवर पोचायचंय. एक सांगायचं राहिलं. सकाळी बस वळणावरून दिसेनाशी झाली आणि मी गार्डच्या खुर्चीत बसून हमसून हमसून रडले. तो बिचारा पाण्याची बाटली घेऊन धावत आला. "बच्ची के लिए रो रही हैं, मॅडम? दोपहर को आ जाएगी." मी मान हलवली. त्याला कसं सांगणार, की माझी आई घरी आली नाही म्हणून रडतेय.