माझाच आवाज

चि. हर्षित,

हे पत्र मी पाठवणार नाही. लिहिलेलंही कोर्टात पुरावा म्हणून दाखवता येतं, एवढं आता कळलंय.

दिवाळीनंतर तुझा फोन आला, "ताई, दमलीस का गं?" आपल्या माईच्या आजारपणाने मी खरंच दमले होते. खूप रडले आणि शेवटी बोलून गेले, "मला नको रे ही चिंचणीची वाडी, तूच घे." तेवढंच वाक्य तुझ्या वकिलाने पालघरच्या कोर्टात वाटणीच्या दाव्यात ऐकवलं. माझं रडणं त्यात नव्हतं.

"न विचारता रेकॉर्ड करणं गुन्हा नाही का?" मी माझ्या वकिलांना विचारलं. ते म्हणाले, "बोलणाऱ्यांत तो स्वतःच होता. गुन्हा म्हणणं कठीण आहे. पुरावा धरायचा की नाही, ते कोर्ट बघेल."

तेव्हापासून मी फोनवर जपून बोलते. माई म्हणते, "अगं, भाव हाय तो तुजा."

परवा तू रडत म्हणालास, "ताई, समिधा तापाने शुद्धीवर नाही. बोईसरला ये ना." मला वाटलं, आता माझ्याकडून काय वदवून घ्यायचंय याला? "बघते" म्हणून मी फोन ठेवला.

तुझ्या शेजारच्या दीपाने समिधाचा ताप खरा असल्याचं सांगितलं, तेव्हा मी धावत दवाखान्यात आले. समिधाने डोळे उघडले होते.

"आत्या, उशीर का केलास?"

उत्तर ओठांवर आलं, पण माझी नजर तुझ्या खिशातल्या फोनकडे गेली. तू ते पाहिलंस आणि मान खाली घातलीस. मी पोरीचं पांघरूण नुसतंच सारखं केलं.

तुझी ताई,
कीर्ती