देवदूताची वाटी

नवीन पनवेल,
रविवार

ती. डेव्हिडकाकांना प्रणितचा वाकून नमस्कार. आपला गुडघा तिकडे इस्रायलमध्ये अश्दोदचे जिने चढू देतो का, ते कळवावे. इकडे सर्व खुशाल आहे, फक्त नव्या घराच्या भिंतीला चार भोकं पडली आहेत. त्याचं असं झालं.

रंजिताला दाराशी काहीतरी 'अँटिक' हवं होतं. जुन्या फर्निचरच्या दुकानात तिला संगमरवरी शिंपला मिळाला, वर पंखवाला देवदूत (एका पंखाचं टोक उडालेलं; दुकानदार म्हणाला, तेच जुनेपणाचं सर्टिफिकेट). ही साबणदाणी की पक्ष्यांचं पाण्याचं भांडं, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. चौथ्या भोकाला शिंपला एकदाचा बसला आणि रंजिताने त्यात प्लास्टिकचा मनीप्लांट खोचला.

आमच्या गोदूआत्याला तुम्ही ओळखताच. चिरनेरचं घर बंद करून ती आमच्याकडे आली खरी, पण बिल्डिंगमध्ये कुणी कुणाचं दार वाजवत नाही म्हणून महिनाभरात परत जायला पिशवी भरून बसली होती. तिने देवदूत पाहिला, मनीप्लांट उपटला आणि शिंपल्यात रोज पाणी भरू लागली. म्हणाली, "देवाची वाटी हाय, रिकामी कशाला ठेवायची?" मग येणारा-जाणारा आपापल्या समजुतीने वागू लागला. कुरियरवाल्याने सॅनिटायझर समजून हात चोळले. (वास्तुशांतीला माझ्या साहेबांनी त्यात जिलेबीची बोटं धुतली आणि मी टॉवेल पुढे केला. बढती जवळ आली आहे.)

एके सकाळी खालच्या मजल्यावरच्या सिस्टर (त्या दवाखान्यात नर्स आहेत) आमचं चुकून तिकडे गेलेलं पार्सल द्यायला आल्या आणि दारातच थबकल्या. हे चर्चच्या दाराशी असतं, त्यात मंतरलेलं पाणी ठेवतात, आत शिरताना बोट बुडवून कपाळाला लावतात, असं त्यांनी शांतपणे समजावलं. मला जिलेबी आठवली आणि कान गरम झाले. मी माफी मागून स्क्रूड्रायव्हर शोधायला निघालो.

सिस्टरनी पाण्याकडे पाहिलं. "पाणी कोण बदलतं?"

"मीच. रोज, आंघोळ झाली की," आत्या म्हणाली.

"मग राहू द्या इथेच. ड्युटीला जाताना मी येऊन गेले तर चालेल?"

आता त्या रोज येतात, बोट लावतात आणि चहाला बसतात. आत्या त्यांना चिरनेरची जांभळं, सासूचा जाच, सगळं सांगते. पिशवी रिकामी झाली. रंजिता मात्र आठवडाभर मनीप्लांट हातात घेऊन जागा शोधत होती (सध्या तो फ्रिजवर आहे).

नाओमीकाकूंना नमस्कार सांगावा.

आपला,
प्रणित

ता. क. काकू डिसेंबरात पनवेलला येणार असं कळलं. येताना त्यांनी जॉर्डन नदीच्या पाण्याची एक बाटली आणावी. आत्याने सिस्टरना परस्पर कबूल केलं आहे. म्हणाली, आमचा माणूस हाय तिकडे.

ता. ता. क. नदी लांब पडत असेल तर नुसती बाटली चालेल, वर हिब्रू अक्षरं असलेली. पाणी इथे भरू.

आणखी एक. पत्र आत्याला वाचून दाखवलं. "नळाचं नाय चालायचं," म्हणाली. "ती बाय देव मानून हात लावते." तरी वरची नुसत्या बाटलीची ओळ वाचली नाही असं समजावं.