सोनईची आठ मिनिटं

सोनई,
पंचविसावा रोजा

प्रिय अंजुम,

पोस्टाचं पाकीट बघून तुला वाटेल, परवेझ पुन्हा कुणाशी तरी भांडला आणि मोबाईल फोडून बसला. भांडलो होतो, खरंय. पण त्याआधी एक सांगतो. मला कळलंय. ईदच्या तिसऱ्या दिवशी कोपरगावचे लोक तुला बघायला येणार आहेत, मुलगा शुगर फॅक्टरीत इंजिनियर आहे. तुझ्या मैत्रिणीनं, रेश्मानंच सांगितलं, माझ्या दुकानात रिचार्जला आली होती तेव्हा. ती गेली आणि गिऱ्हाइकाच्या मोबाईलची नवी काच बसवता बसवता माझ्या हातून फुटली.

तुला आठवतं का, श्रीरामपूरच्या कॉलेजातून परत येताना एसटीच्या काचेवरच्या धुळीत तू बोटानं गोल काढला होतास? हा सूर्य, ही क्षितिजाची रेघ, सूर्य या रेघेखाली अठरा अंश असताना पहाट फुटते, ती फजरची वेळ. मी त्या अठरा अंशांकडे कमी आणि बोटाकडेच जास्त बघत होतो. पुढं दुसऱ्या वर्षाला प्रॅक्टिकलच्या सरांसमोर जर्नल आपटून मी कॉलेज सोडलं, तू एम.एस्सी.ला पुण्याला गेलीस. जाताना तुझी निळी वही माझ्याकडे राहिली. मागितली नाहीस, मीही दिली नाही.

या रमजानच्या आधी मशिदीत नवं डिजिटल घड्याळ आलं. पाची नमाजांच्या वेळा, सहरी, इफ्तार, सगळं लाल आकड्यांत. बसवलं मी. तारीख टाकली, शहर निवडलं, वेळा गावाच्या ग्रुपवर पाठवल्या. लोक म्हणाले, पोरगं शिकलं असतं तर लई पुढं गेलं असतं. मी कॉलर ताठ करून फिरलो. तुझे अब्बा, गावाचे चाचा, फक्त खालून बघत होते. इतकी वर्षं अजान देणारा माणूस, स्टँडजवळच्या टपरीत गावभरची घड्याळं दुरुस्त करणारा. म्हणाले, छान हाय बेटा, पन माझ्या काठीला एकदा इचारू.

ती काठी तुला माहीत आहे. मशिदीच्या गच्चीवर सिमेंटच्या डब्यात उभी केलेली, भोवती खडूच्या खुणा. मी हसलो होतो.

पहिल्या रोज्याला फजरची अजान झाली तेव्हा माझ्या घड्याळात सहरीच्या खाण्यापिण्याला आठ मिनिटं बाकी होती. मी म्हटलं, चाचांना म्हातारपणी घाई झाली, आणि चहा संपवला. माझ्या भरवशावर आणखी किती घरांनी संपवला, अल्ला जाणे. संध्याकाळी तेच. चाचा गच्चीवरून उसापलीकडं सूर्य बुडताना बघून खाली उतरले आणि अजान दिली. घड्याळ म्हणतंय, अजून आठ मिनिटं. खजूर लोकांच्या हातात, तोंडं उघडी, अर्धी मशीद घड्याळाकडं बघतेय, अर्धी चाचांकडं. माझं डोकं फिरलं. सगळ्यांदेखत ओरडलो, काठीवरच चालायचं असंल तर मोबाईल विहिरीत टाका! तुझ्या अब्बांना, अंजुम. त्यांनी एक खजूर उचलून माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, आदी रोजा सोड. राग खाऊन रोजा सुटत न्हाई.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला गच्चीवर बोलावलं. काठीची सावली आखडत गेली, थांबली, पुन्हा लांबायला लागली. सगळ्यात आखूड, म्हणजे ऐन दुपार, तेव्हाच चाचांनी खडू टेकवला आणि मी मोबाईल बघितला. बारा चव्वेचाळीस. मशिदीच्या घड्याळात हीच दुपार बारा बावन्नला. तेच आठ. मग मला आठवलं. मशिनच्या यादीत सोनई नव्हतं, तेव्हा पहिलं मोठं नाव दिसलं ते दाबलं होतं. मुंबई. आपण मुंबईच्या पूर्वेला दोन अंश, एका अंशाला चार मिनिटं. तू एसटीत हेही सांगितलं होतंस.

तुझी निळी वही काढली. सोनईचे अक्षांश, रेखांश मोबाईलवर बघितले, तुझ्या सूत्रात घातले, दोनदा चुकलो, तिसऱ्यांदा आलं. बारा चव्वेचाळीस. वही घेऊन गच्चीवर पळालो. तुझं गणित आणि खडूची खूण, एका मिनिटाचाही फरक नाही. आणि चाचा, जे हातवारे करून माझ्यावर ओरडू शकले असते, ते वही उलटीपालटी करत म्हणाले, माज्या पोरीचं अक्षर हाय व्हय हे? डोळे पुसले, चष्मा पुसल्याचं नाटक करून.

शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर मी सगळ्यांसमोर उभा राहिलो. चूक माझी, माझं घड्याळ बघून ज्यांनी सहरी केली त्यांना तो एक रोजा पुन्हा धरावा लागेल, असं सांगितलं. मेहताबभाई मागून म्हणालाच, तुज्या नावानं धरतो, सवाब, पुण्य काय असंल ते मात्र मला! लोक हसले. चाचा शेजारी येऊन उभे राहिले. म्हणाले, मशिन चांगलंच हाय. त्याला गाव सांगायचं राहिलं हुतं.

तेव्हापासून रोज दुपारी मी गच्चीवर असतो. आता घड्याळ सोनईवर चालतं, चाचा खडू लावतात, मी वहीत लिहितो. एकोणतिसाव्या रोज्याच्या संध्याकाळी ईदचा चंद्र किती उंचीवर, कुठल्या बाजूला असेल ते मी काढून दिलंय. ते कागद घडी घालून खिशात ठेवतात आणि वर म्हणतात, बघनार डोळ्यानंच, पन कुटं बघायचं ते तुज्या कागदानं. जूनमध्ये मी पुन्हा दुसऱ्या वर्षाला बसतोय. फॉर्म भरला. ज्या सरांसमोर जर्नल आपटलं, त्यांचीच सही लागली. माफी मागितली, त्यांनी दिली.

काल गच्चीवर मी चाचांना सरळ विचारलं.  कोपरगावकरांना थांबवा, असं म्हणालो नाही, मला तुमची अंजुम आवडते एवढंच म्हणालो. त्यांनी खडू खाली ठेवला.  मग म्हणाले, मला कशाला इचारतो? तिला इचार. मोबाईलवर नको, तू तिथं बी भांडशील. कागदावर लिही. म्हणून हे पत्र. तुझं ‘हो’ असेल तर कोपरगावचे येण्याआधी अब्बांना सांग. ‘नाही’ असेल तरी सांग. ओरडणार नाही, वही परत करीन, आणि अजानच्या आधी रोज गच्चीवर असेन.

सोनईच्या वेळेवर आलेला,
तुझाच,
परवेझ