डाव्या हाताची पेटी

३ मार्च, सोमवार

लेकीचा फोन. "बाबा, रविवारी येते. आईला घेऊनच जाते. तिला साधी बरणी उघडता येत नाही आणि तुम्हाला ऐकू येत नाही. हाका मारून मारून जीव जाईल तिचा."

ऐकू येतं! जरा उशिरा येतं, एवढंच.

अर्धांगाने हिचा उजवा हात लुळा पडला त्याला चौथा महिना लागला. औषधांनी तोंड सुकतं, म्हणून डॉक्टरांनी पेपरमिंटच्या गोळ्या चघळायला सांगितल्यात. झाकण तिला फिरवता येत नाही. दर वेळी मी. मी अंघोळीला गेलो तर तशीच बसून राहते, कोरड्या तोंडाने.

ठरवलं. लाकडाची पेटी करायची. वर बरणी उलटी, खाली सरकती पट्टी. पट्टी ओढली की एक गोळी वाटीत. लेकीला दाखवीन — बघ, आई आपल्या हाताने घेते. मग काय बोलेल?

४ मार्च

जुन्या कपाटाची फळी कापली. दोनदा खाली बसलो. करवत पूर्वी इतकी जड नव्हती.

आयुष्यभर गोदामात खोकी ठोकली. आतलं बाहेर पडू नये, हेच काम. आता गोळी बाहेर पडायला हवी, तर पडत नाही!

५ मार्च

भोक गोळीएवढंच पाडलं होतं, म्हणून अडकत होती. कानशीने मोठं केलं. आता दोन-दोन पडतात!

शेजारचा शिंपी दारात उभा राहून मजा बघत होता. "काका, दोन पडतात तर नशीब समजा. आमच्या घरात मागून एक मिळत नाही." तोंडाळ मेला. पण चूक त्यालाच दिसली — पट्टी जाड आहे, गोळीवर गोळी बसते. रंधा मारून पातळ केली. धाग्याला घासायचं मेण त्याने दिलं, ते पट्टीला घासलं. सरकते आता. पाठ मात्र सरळ होत नाही.

७ मार्च, शुक्रवार

झाली एकदाची! हिच्यापुढे टेबलावर ठेवली. ही बघतच राहिली. मग हसायला लागली. हसताना तोंड वाकडं होतं, पण हसली!

"अहो, मूठ कुणीकडे बसवलीत?"

उजवीकडे. चार महिने त्याच हाताला तेल चोळतोय मी, आणि मूठ उजवीकडे!

"अक्कल गहाण टाकली की काय?" असं वर तिनेच विचारलं.

पेटी फिरवून ठेवावी तर वाटी भिंतीकडे जाते. म्हणजे सगळं उकलायचं. आणि खिळे मी खोक्यासारखे ठोकलेत, निघता निघत नाहीत. रविवार उंबऱ्यावर येऊन बसलाय. मला रडू येईल असं वाटतं.

८ मार्च

खिळे काढले. अंगठा ठेचला. मूठ डावीकडे बसवली. फळीला चीर गेली, जाऊ दे.

लेकीसमोरच अडकली तर? जेवता जेवता उठून ओढून बघितली. पुन्हा बघितली. ही म्हणाली, "पुरे आता, झिजेल ती." मला जेवण गेलं नाही.

९ मार्च, रविवार

लेकीसमोर हिने पट्टी ओढली. एकच पडली. पहिल्या झटक्यात!

लेक म्हणाली, "बाबा, हरले मी. राहू दे आईला इथेच."

तेव्हा ही म्हणाली, "नाही, मी येते. माझं करून करून यांचा पार चोथा झालाय. यांच्या तोंडावर नाही बोलले इतके दिवस. आता गोळी तरी माझी मी घेईन, तुलाही त्रास नाही."

गेली. पेटी मांडीवर घेऊन.

जाताना म्हणाली, "पडा आता जरा." पडलोय.