टीटीएमएम झालेली पोरगी

सोमवार, १० नोव्हेंबर २०२५
पोरगी बघायला हॉटेलात! पोरीच्या घरी पोह्याचा डबा भरलेला असंल, शेंगदाणे निवडून ठेवलेले असतील, आन् ही दोघं शनिवारी रात्री हायवेच्या हॉटेलात तोंडं बघणार. बघणार बी न्हाई, डेट करणार म्हणे. डेट म्हंजे तारीख, एवढं इंग्लिश चौथी शिकलेल्या बाईला बी येतं. तारीख कोर्टात पडती.
राम राम. ही वही डॉक्टरनं साखर लिहायला दिलीया. लिहून साखर कमी व्हत न्हाई, म्हणून म्या कामाचं लिहिते.
नातू स्वरूप. वय एकतीस, शिरवळला कंपनीत. सात पोरींनी न्हाई म्हटलं. सातवीकडचे म्हणाले, पोरगं चांगलंय, आज्जीचं काय ते बघा. म्हंजे हे घर माझ्यावर चाललंय हे परगावात बी म्हाईत हाय.
आठवी ही शेफाली. भोरात लॅबमधी लोकांचं रगात काढती. ही बी गेली तर पोरगं बिनलग्नाचं ऱ्हाईल, म्हणून सून सगुणा दिवसभर देवापुढं. देव काय करणार? म्या हाय.

मंगळवार, ११
मुद्दा बिलाचा. हॉटेलात जेवण म्हंजे बिल आलं. कुणी भरायचं? स्वरूप म्हणाला, बघू तिथं. तिथं काय बघू? पोरगी बघताना खाणं पोरीकडचं. माझ्या माहेरी, पासलीला, मला बघायला अकरा माणसं आली, भात आन् कोंबडी हाणून गेली. सासऱ्यानं बापाला बदल्यात एक ढेकर दिला. खाणारा वर, भरणारा खाली. हे एकदा ठरलं की जन्माची भांडणं मिटत्यात.

बुधवार, १२
आनंदाची बातमी. स्वरूप म्हणाला, आज्जी, बिलाची काळजी तू करू नको, शेफाली टीटीएमएमवाली हाय. लॅबचा डीएमएलटी कोर्स झालाय हे ऐकलं व्हतं. त्याच्यावर टीटीएमएम बी! पोरीनं सांगितलं न्हाई. शिकलेली माणसं तोंडानं सांगत न्हाईत.
लगेच शेजारच्या बनाबाईच्या ओट्यावर गेले. तिची नातसून नुसती एएनएम नर्स, तरी बनाबाई गावभर मिरवती. म्या म्हणाले, आमची टीटीएमएम. बनाबाईचं तोंड बघण्यासारखं झालं. म्हणाली, किती वर्षांचा कोर्स? म्या म्हणाले, चार. गिरणीत दळण टाकताना बी सांगितलं.

गुरुवार, १३
स्वरूपला शिकवलं. बिल आलं की हात धुवायला उठायचं. साबण दोनदा लावायचा. पोरगी भरंपर्यंत यायचं न्हाई. हसला. म्हणाला, आज्जी, तू जेवायला येऊ नको म्हंजे झालं. मला कशाला सांगतो? दोघांच्या मधी पडायची मला सवयच न्हाई.

शनिवार, १५, दुपार
स्वरूपचं पाकीट तांदळाच्या पिंपात घातलं. आता भरंल कशातनं?
म्या जाणार न्हाई.

रविवार, १६, सकाळ
काल संध्याकाळी सव्वासातला योगायोगानं त्याच हॉटेलाकडं गेले. ठेवणीतलं लुगडं बी योगायोगानंच नेसले व्हते. कमरेची पैशाची पिशवी मुद्दाम घरी ठेवली, उगा हात जायला नको.
स्वरूपचं तोंड पिठासारखं झालं. पोरगी मात्र उठली, खुर्ची ओढली, आज्जी बसा म्हणाली. माझ्या हाताकडं बघून म्हणाली, तुमची शीर लगेच सापडेल. हे काय कौतुक झालं?
मटण थाळी घेतली. गुलाबजाम दोनच वाट्या, साखर हाय म्हणून.
बिल बडीशेपेच्या बशीत आलं. म्या टेबलाखाली स्वरूपला लाथ घातली. पाय पोरीचा निघाला. ती म्हणाली, आज्जी, काळजी नको, आमचं टीटीएमएम असतं. म्या म्हणाले, म्हाईत हाय, चार वर्षांचा कोर्स, गावाला सांगितलंय. वेटर बी हसला. मग स्वरूप मान खाली घालून म्हणाला, टीटीएमएम म्हंजे तुझं तू, माझं मी. ज्याचं त्यानं भरायचं.
तिनं तिचं मोबाईलवरनं भरलं. त्यानं त्याचं मोबाईलवरनं भरलं. पाकीट तांदळात, पैशे मोबाईलात. काय दिवस आलेत! माझी थाळी आन् दोन वाट्या तेवढ्या उरल्या. स्वरूप परत मोबाईल काढतोय तवर ती म्हणाली, आज्जींचं मी देते. आन् दिलं.
मला वाटलं, पोरीकडच्यांनी दिलं, म्या जिंकले. तेवढ्यात तिनं इचारलं. आज्जी, आमचं ठरलंय. लग्न साधं, खर्च दोन्ही घरांचा निम्मा निम्मा. मानपान नाही, आहेर नाही. पण तुम्ही हो म्हणालात तरच. मागून घरात रोज भांडण मला जमणार नाही, तसं असेल तर आताच थांबू. विचार करा, उद्या संध्याकाळी फोन करते.
तोंडात तिच्या पैशाचा गुलाबजाम. न्हाई म्हणायला आधी गिळावा लागला. गिळला तवर ती स्कूटीवर बसून गेली.

रविवार, दुपार
ठरलं. न्हाईच म्हणणार. निदान माझी पैठणी, जावायांना टोप्या, मग पुढचं बोलू. लग्न हाय का भिशी?
सगुणा बोलली. बत्तीस वर्षांत पयल्यांदा. म्हणाली, आत्याबाई, ही गेली तर नववी यायची न्हाई. आन् तिच्या पैशाच्या दोन वाट्या खाऊन आलाय, आता कुठल्या तोंडानं न्हाई म्हणताय? हिला कुणी शिकवलं?
बनाबाई बी येऊन गेली. नातसुनेनं तिला टीटीएमएमचा अर्थ सांगितलाय. गिरणीत हसत्यात म्हणे. म्या म्हणाले, पूर्वी कोर्स व्हता, आता बंद झालाय.

रविवार, सहा वाजता
न्हाई म्हणायचा दोनदा सराव केला. भिंतीपुढं झकास जमलं.
फोन वाजतोय. भोरचाच हाय. स्वरूप दाराशी उभा, पांढराफटक. माझ्याकडं बघतोय, फोनकडं बघत न्हाई.
म्या उचलणार न्हाई. सगुणानं उचलायचा. हो म्हणायचं, आन् आज्जी देवळात गेलीया म्हणून सांगायचं.